कुलूप नको, नाव पाहिजे



ग्रंथ पूर्वी सोवळ्यात होता. आता पासवर्डात आहे. सोवळं आपल्या बापजाद्यांनी मोडलं. पासवर्डाचं काय करायचं ते आपल्यालाच ठरवावं लागेल. ‘कॉपीराइट म्हणजे वकिलांची भानगड, आपल्याला काय त्याचं’ म्हणणाऱ्यांनी दिल्लीचा खटला आधी नीट समजून घ्यावा.

२०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस हे तीन बडे प्रकाशक दिल्ली उच्च न्यायालयात गेले. कोणाविरुद्ध? दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध आणि दिल्ली विद्यापीठाविरुद्ध. गुन्हा काय? मास्तरांनी नेमलेली वेगवेगळ्या पुस्तकांतली पानं एकत्र बांधून रामेश्वरी फोटोकॉपीवाला पोरांना स्वस्तात देत होता. भरपाई मागितली ६० लाख! झेरॉक्सवाल्याकडून!

पोरं गप्प बसली नाहीत. संघटना करून खटल्यात उतरली. ज्यांच्या पुस्तकांतल्या पानांवरून हे रण पेटलं, त्यातल्या कितीतरी लेखकांनीच प्रकाशकांना खटला मागे घ्या म्हणून सांगितलं. अमर्त्य सेन यांनीही सांगितलं. १६ सप्टेंबर २०१६ ला न्यायमूर्ती एंडलॉ यांनी खटला फेटाळला. कॉपीराइट काही देवानं दिलेला हक्क नाही, कायद्यानं दिलाय आणि कायद्यानंच त्याला हद्द घातलीय, असा त्या निकालाचा मतलब. ९ डिसेंबर २०१६ ला खंडपीठानंही हेच तत्त्व धरलं : शिकवण्यासाठी जेवढं गरजेचं तेवढं उतरवता येतं, पानांचा आकडा कायद्यात नाही. नेमकी कुठली पानं गरजेची हे तपासायला प्रकरण परत खाली पाठवलं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी खटलाच सोडून दिला.

१९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम ५२(१)(आय). पाठ करून ठेवा. शिकवण्याच्या कामासाठी शिक्षक-विद्यार्थ्यानं उतरवून घेणं ही चोरी नव्हे. ही कुणाची मेहेरबानी नाही, कायदा आहे. आणि तो दिल्लीत एक आणि नांदेडात दुसरा असा नाही. वसतिगृहातल्या पोरानं झेरॉक्सच्या दुकानात मान खाली घालून उभं राहायचं कारण नाही.

आता विद्वानांच्या नियतकालिकांचा धंदा बघा. संशोधक लेख लिहितो. त्याचा पगार किंवा फेलोशिप बहुतेक वेळा जनतेच्या पैशातून. दुसरा संशोधक तो तपासतो. तोही बहुधा फुकट. लेखाचा मोबदला प्रकाशक लेखकाला देत नाही. मग तोच लेख विद्यापीठाला विकत घ्यावा लागतो. आम्ही गोदीत गोण्या वाहतो, माल आमचा नसतो हे आम्हाला ठाऊक असतं. हे प्राध्यापक स्वतःच्या शेतातला माल वाहून दुसऱ्याच्या गोदामात टाकतात आणि वर भाडंही भरतात!

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिकं, तीन वर्षांना ६ हजार कोटी रुपये. सरकारी संस्थांतल्या पोरांना वाचायला मिळेल, चांगलंच आहे. पण हे कुलूप तोडणं नव्हे, किल्लीचं भाडं भरणं आहे. मॅट्रिक होऊन कामाला लागलेला, शिक्षण अर्धवट सोडून गावी गेलेला, तो दाराबाहेरच. जनतेच्या पैशातून झालेलं संशोधन जनतेला खुलं, ही आपली मागणी पाहिजे. प्रबंध ‘शोधगंगा’वर खुले होऊ शकतात, तर लेख का नाहीत?

कोणी विचारेल, मग लेखकानं खायचं काय? सवाल बरोबर आहे. आपल्या कवींच्या कविता पाठ्यपुस्तकात, गाईडात, गाण्यात जातात. तिथं जो कमावतो त्यानं पैसे दिलेच पाहिजेत. शिकणाऱ्याची झेरॉक्स वेगळी आणि धंदेवाल्याची उचलेगिरी वेगळी. म्हणून सही करताना डोळे उघडे ठेवा. हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षं धरली जाते. आणि कलम ५७ सांगतं, हक्क विकला तरी लेखक म्हणून नाव लागण्याचा हक्क आणि बदनामी होईल अशी मोडतोड अडवण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो.

हे नावाचं महत्त्व आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या माणसांनी गाणी रचली, ढोल घडवले, शहरं बांधली आणि नाव दुसऱ्याचं लागलं. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला बाबासाहेबांच्या भाषणातला मजकूर खटकला. बाबासाहेबांनी बदल करायला नकार दिला, सभा रद्द झाली, आणि भाषण त्यांनी स्वखर्चानं छापलं, १५०० प्रती. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लिखाण १ जानेवारी २०१७ पासून कॉपीराइटमधून मोकळं आहे. कोणीही छापावं. पण सोयीचं तेवढं ठेवून, धार काढून, वर त्यांचं नाव छापणारे टपलेलेच आहेत. प्रत मोकळी झाली की मजकुराची राखण वाचकावर येते.

म्हणून या अंकापासून आमचा करार असा. यातलं काहीही उतरवा, झेरॉक्स काढा, वर्गात वाचा, भाषांतर करा, पुन्हा छापा. परवानगीचं पत्र नको, पैसे नकोत. लिहिणाऱ्याचं नाव मात्र पाहिजे. बदल केला तर बदल केला असं त्याच पानावर लिहा.

आणि तुमच्यापैकी जे कॉलेजात शिकवता, एम.फिल.-पीएच.डी. झालात, त्यांना आमचा सरळ सवाल : तुमचा प्रबंध, तुमचे लेख आमच्या वस्तीतल्या पोराला कुठं वाचायला मिळतात, सांगा. उत्तरं पुढच्या अंकात छापू. नावासकट.