पंगतीतला आग्रह आणि पेल्यातला आग्रह

आषाढ अमावास्या म्हणजे दिव्यांची अमावास्या. समया, निरांजने घासूनपुसून पाटावर मांडायची, त्यांची पूजा करायची, कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य दाखवायचा, असा हा दिवस. पण तालुक्याच्या गावी संध्याकाळी बाजारपेठेतून चक्कर मारली, तर या दिवसाचे दुसरेच नाव अधिक ठळकपणे दिसते. ते म्हणजे गटारी. मटणाच्या दुकानापुढे सकाळपासून रांग आणि दिवेलागणीनंतर परमिट रूममध्ये पाय ठेवायला जागा नाही. एका ठिकाणी टेबल मिळाले नाही की चौकडी दुसरीकडे जाते, तिथून हमरस्त्यावरच्या ढाब्यावर, तिथून कुणाच्या तरी शेतावर. उद्यापासून श्रावण, म्हणून महिन्याभराचा कोटा एका रात्रीत पुरा!

दारू वाईट, हे पिणाऱ्यालाही ठाऊक असते. कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्टच सांगितले आहे. तेव्हा तो पाढा आज पुन्हा म्हणत नाही. आज लिहायचे आहे ते आग्रहाविषयी.

आपल्याकडे पंगतीत आग्रह करण्याची जुनी रीत आहे. पण ताटावर आडवा हात धरला की वाढपी पुढे सरकतो. फार तर एखादी जिलबी जास्त जाते आणि रात्री ओवा खाऊन भागते. मित्रांच्या टोळक्यात मात्र पेल्यावर हात धरणाऱ्याची टिंगल होते. 'माझ्या पैशाची घेतोस, मग त्याच्या पैशाची का नाही?' असे म्हणत प्रत्येकाच्या नावाने एकेक फेरी होते. पाच जण असले की पाच फेऱ्या. सर्वांत भरभर पिणाऱ्याच्या वेगाने सगळ्यांना प्यावे लागते आणि तीन ठिकाणे बदलल्यावर मोजदाद कुणाच्याच हाती राहत नाही.

यकृताला मात्र मोजदाद चुकवता येत नाही. ३० मिलिलिटरच्या एका लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. तेवढे निस्तरायला यकृताला साधारण एक तास लागतो, पुष्कळदा जास्तच. क्वार्टर म्हणजे असे सहा पेग. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत चार लहान पेगांएवढे अल्कोहोल असते. लिंबूपाणी, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी माणूस जागा झाल्यासारखा वाटेल, पण रक्तातले अल्कोहोल त्यामुळे लवकर उतरत नाही. रात्री अकराला क्वार्टर संपवणारा पहाटे पाचला दुचाकी काढतो, तेव्हाही ती पुरती उतरलेली असेलच असे नाही.

मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. साठ किलो वजनाच्या माणसाने रिकाम्या पोटी लागोपाठ दोन लहान पेग घेतले, तरी ती ओलांडली जाऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण दंडाची भीती दुय्यम. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायचे म्हणजे पावसातला अंधारा रस्ता आणि एका दुचाकीवर तिघे जण, हे आपण सगळेच पाहतो.

सर्वांत घातक वाक्य मात्र रात्री उशिरा ऐकू येते, 'झोपू दे त्याला, उतरेल सकाळी.' शेवटचा पेला संपल्यानंतरही पोटातली दारू रक्तात उतरतच असते. उताणा झोपलेल्या बेशुद्ध माणसाला उलटी झाली, तर ती श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरून जाऊ शकतो. हलवूनही जाग येत नसेल, श्वास मंद किंवा थांबून थांबून चालत असेल, अंग गार किंवा ओठ निळसर पडले असतील, झटके येत असतील, किंवा डोक्यावर मार बसला असेल, तर सकाळची वाट पाहू नये. त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, मुद्दाम उलटी करवू नये, एकटे सोडू नये आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. पोलीस येतील, घरी कळेल, या भीतीने उशीर करणे जिवावर बेतते. स्वस्तातली, ठावठिकाणा नसलेली दारू तर शिवूच नये. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ती मिथेनॉलमुळे.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. रोज भरपूर पिणारा माणूस श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम सोडतो, घरचेही सुखावतात. पण काही तासांतच हात थरथरणे, घाम, झोप उडणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भास, बरळणे दिसू शकते. घरात याला 'बाहेरचे' समजून अंगारा लावतात. हा दारू तुटल्याचा आजार आहे, औषधाने तो आटोक्यात येतो आणि दुर्लक्ष केल्यास प्राणही घेऊ शकतो. सोडण्याचा निश्चय उत्तमच. रोजच्या पिणाऱ्याने तो आधी डॉक्टरांच्या कानावर घालावा, एवढेच.

माझे मत विचाराल तर गटारीचा प्रश्न पोलिसांच्या नाकाबंदीने सुटणारा नाही. तो त्या टेबलावरच सुटेल. टोळक्यात एकाने तरी अजिबात न पिता सर्वांना घरी पोचवण्याची जबाबदारी घ्यावी आणि त्याची चेष्टा करू नये. ज्याने पेल्यावर हात ठेवला, त्याचा हात पंगतीतल्या हातासारखाच मानावा. आग्रह करायचाच असेल तर मटण-भाकरीचा करा. मित्राला सोबत नेले असेल, तर त्याला त्याच्या उंबऱ्यापर्यंत सुखरूप आणून सोडणे, हे नेणाऱ्याचेच काम आहे.