वास येण्यापूर्वी

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला १९९६ साली पिण्याच्या पाण्याच्या अनेक विहिरी बंद कराव्या लागल्या. पाण्यात एमटीबीई सापडले होते. हवा स्वच्छ राहावी म्हणून पेट्रोलमध्ये घातलेले हे रसायन जमिनीखालच्या गळक्या टाक्यांतून विहिरींत उतरले. केवढा हा दैवदुर्विलास!

पेट्रोल भूजलावर तरंगते. एमटीबीई मात्र पाण्यात विरघळते, मातीला फारसे चिकटत नाही आणि प्रवाहाबरोबर दूर जाते. तेव्हा टाकीशेजारची माती उकरून पाहणे म्हणजे तपास नव्हे. निदान तीन बोअर मारून पाण्याची पातळी मोजावी लागते. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंनी प्रतल ठरते, हे आपण भूमितीत घोकलेले (तेव्हा ते निरुपयोगी वाटले होते, हे कबूल). त्या प्रतलाच्या उतारावरून पाणी कोणीकडे चालले आहे ते कळते. मग त्या वाटेवरचे नमुने घ्यायचे.

काम खर्चाचे आहे. तो खर्च टाकीच्या मालकानेच करावा, आणि तक्रार येण्यापूर्वी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शेजाऱ्यांच्या नाकावर पहारा सोपवून त्याला स्वस्थ बसता येणार नाही. एमटीबीईला निदान उग्र वास तरी असतो. पेट्रोलमधलेच कर्करोगकारक बेंझीन पाण्यात धोक्याची मर्यादा ओलांडून गेले तरी जिभेला त्याचा पत्ता लागत नाही.