ताबा एकाचा, सातबारा दुसऱ्याचा

मंडळी, आज राजकारण नाही. आज घरातली गोष्ट सांगतो. पहूर-शेंदुर्णी-जामनेर पट्ट्यात अशी गोष्ट बऱ्याच घरांत दाबून ठेवलेली असते, म्हणून उघड लिहितो.

आमची दोन वावरं. एक रस्त्याला लागून, एक नाल्याकडे. आजोबांच्या वाटणीत रस्त्याचं वावर वडलांना आलं, नाल्याचं काकांना. पण वडलांचं बाकीचं शेत नाल्याकडे होतं आणि काकांचं रस्त्याकडे. बैलजोडी घेऊन दोघांनाही उलटसुलट फिरावं लागायचं. १९९४ साली दोघा भावांनी बांधावर उभं राहून अदलाबदल केली. कागद नाही, पंच नाही. चहा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून ज्याने त्याने नव्या वावरात वखर घातला.

तीस वर्षं कोणाचं काही अडलं नाही. आता वडील नाहीत, काकाही गेले. एक चुलतभाऊ इथेच आहे, एक सुरतला. दरम्यान संभाजीनगर-जळगाव रस्ता मोठा झाला आणि रस्त्याकडच्या जमिनीला भाव आला. सातबारा काढला, तर रस्त्याचं वावर अजून आमच्या नावावर आणि नाल्याचं काकांच्या वारसांच्या!

एका रात्री जेवताना धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, रस्त्याचं वावर आपलं, सातबारा आपल्या नावावर आहे. अन् नाल्याकडचंबी आपलंच, ताबा तीस वर्षांचा आहे. वकिलाले विचारलं मी."

म्हणजे एका वावरात कागद दाखवायचा आणि दुसऱ्यात ताबा. दोन्ही वावरं आपली, काकांची पोरं उघड्यावर. भाऊ वाईट नाही हो. दोन वर्षं कापसाने मारलंय त्याला, पोरीचं लग्न आलंय. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मग इतकी वर्षं कोर्टाच्या बातम्या करताना जे ऐकलं, वाचलं, ते स्वतःच्या घराला लावून पाहिलं.

पहिली गोष्ट, सातबारा म्हणजे मालकी नव्हे. तो महसुलाचा उतारा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १५७ सांगतं की नोंद खरी मानायची, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. नुसत्या फेरफाराने कोणी मालक होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने अनेकदा सांगितलंय. तरी आपण चावडीतून उतारा आणला की छाती फुगवतो.

दुसरी गोष्ट, ताबा. 'बारा वर्षं कसली की जमीन आपली' हे पारावरचं ज्ञान अर्धं खरं आहे. मुदत कायदा १९६३ मध्ये बारा वर्षांची मुदत आहेच, सरकारी जमिनीला तीस. पण ताबा कसला? उघड, सलग आणि खऱ्या मालकाचा हक्क नाकारून धरलेला. त्याला प्रतिकूल ताबा म्हणतात. मालकाच्या परवानगीने, विश्वासाने, भाऊबंदकीत दिलेला ताबा कितीही वर्षं चालला, तरी तेवढ्याने तो प्रतिकूल होत नाही. सुप्रीम कोर्टाने २००८ साली या कायद्यावर कडक ताशेरे ओढले. २०१९ मध्ये मात्र असा ताबेदार स्वतः दावाही लावू शकतो, असं ठरवलं. २०२३ मध्ये विधी आयोगाने कायदा आहे तसा ठेवा म्हणून सांगितलं. म्हणजे कायदा जिवंत आहे.

पण तो वापरायचा तर कोर्टात शपथेवर काय सांगावं लागेल? की जमीन काकांचीच होती आणि आम्ही ती त्यांचा हक्क नाकारून, त्यांच्या विरोधात धरून बसलो होतो. ज्या काकांनी माझ्या वडलांना खांदा दिला, त्यांच्याबद्दल हे सांगायचं. ते खोटं आहे, आणि खोटं बोलून मिळालेलं वावर माझ्या पोरांना मी कोणत्या तोंडाने देऊ?

ताब्याला मी कमी लेखत नाही. आपल्याकडे ताब्यानेच गरिबाला जमीन दिली. कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्या कुळाला मालक मानलं, आज कित्येक घरं त्याच जमिनीवर उभी आहेत. आपल्याच जिल्ह्यात चोपडा, यावल, रावेरकडे सातपुड्यातल्या आदिवासींना वनहक्क मिळतो तो १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होते म्हणून. तिथे ताबा म्हणजे घाम आहे. आमच्या घरात ताबा म्हणजे दोन भावांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे. दोन्ही एका मापाने मोजता येणार नाहीत.

तिसरी गोष्ट, स्टॅम्प. शंभराच्या, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीचा शिक्का मारून प्लॉट घेणारे आपल्याकडे खूप. एका गवंड्याने असेच दोन गुंठे घेतले, खोली बांधली. विकणारा वारला आणि त्याच्या पोरांनी 'आमची सही कुठे आहे?' विचारलं. तो अजून चकरा मारतोय. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ पासून सांगतोय, की शंभर रुपये आणि त्यावरच्या किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत खरेदीखतानेच विकली जाते. अदलाबदलीलाही तोच नियम. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुखत्यारपत्रावरच्या विक्रीलाही मालकी मानायला नकार दिला. लोक हौसेने नोटरी करत नाहीत हेही खरं. तुकडेबंदीमुळे गुंठा-दोन गुंठ्यांची नोंदणीच व्हायची नाही. मग गरिबाने जायचं कुठे? तो दोष एकट्या गवंड्याचा नाही, पण रस्त्यावर तोच येतो.

आमच्यासारख्यांसाठी मात्र एक दार उघडं आहे, सलोखा योजना. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने आणली. एकाची शेतजमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं किमान बारा वर्षं चालत असेल, तर दोघांच्या संमतीने अदलाबदलीचा दस्त करता येतो. मुद्रांक शुल्क एक हजार, नोंदणी फी एक हजार. तलाठी जागेवर पंचनामा करतो. मुदत दोन वर्षांची होती, आणखी दोन वर्षं वाढवली. पण ती कायमची नाही, आणि गावात दहा जणांना विचारलं तर आठ जणांना नाव माहीत नाही. अर्ज घ्यायला माणसं तहसीलला बोलावण्यापेक्षा महसूलने गावोगाव चावडीवर बसावं. सरकारचा खर्च वाचेल, कोर्टाचे खटले वाचतील आणि भावकी वाचेल.

लोक म्हणतात, "भावावर इस्वास नाही का रे भो, कागद कशाले पाहिजे?" भावावर विश्वास आहे म्हणूनच कागद करायचा. बांधावर उभे राहिलेले दोघं तर गेले. त्यांच्या नातवंडांनी तो चहा पाहिलेला नाही. त्यांना कागदच दिसणार, आणि आजचा कागद खोटं सांगतोय.

चुलतभावांना मी निरोप दिला. इथला लगेच हो म्हणाला. सुरतवाला म्हणाला, "विचार करून सांगतो." त्याला वाटतं, महागाचं वावर हा सोडतोय म्हणजे यात काहीतरी गोम आहे! इतका अविश्वास तीस वर्षांत कागदाशिवाय वाढला. दोन्ही घरच्या बहिणींच्या सह्या लागतील, त्या तयार आहेत. राहिला माझा धाकटा. ही पोस्ट टाकण्याआधी त्याला वाचून दाखवली. "टाक," म्हणाला. सही करतो, असं मात्र म्हणाला नाही.

रस्त्याकडचं वावर काकांचं आहे. हे मी इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवतो. फेसबुकवरची पोस्ट म्हणजे दस्त नव्हे, हे मला कळतं. पण उद्या भाव आणखी चढला आणि माझीही मती फिरली, तर तुम्ही साक्षीला आहात.

आणि तुमच्या घरात असं वावर असेल, तर ज्यांना खरं माहीत आहे ती म्हातारी माणसं आहेत तोवर विषय काढा. आज रात्रीच, जेवताना.