विल्सन म्हणजे कोणते विल्सन? आडनावापाशी थांबू नका



आज माझ्याच एका चुकीबद्दल लिहिणार आहे. चूक छोटी वाटेल, पण ती एकवीस वह्यांमध्ये गेली, म्हणून लिहावंसं वाटलं.

मागच्या हिवाळ्यात आमची सहल भंडारदऱ्याला गेली होती. प्रवरा नदीवरचं हे धरण अकोले तालुक्यात, रतनगडाच्या परिसरात आहे. त्याचं 'विल्सन धरण' हे नाव मुलांनी ऐकलेलं होतं. भिंतीकडे बघत चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, विल्सन म्हणजे कोण?"

मला माहीत नव्हतं. "शोधून उद्या सांगते" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मुलांसमोर 'येत नाही' म्हणायला आपली जीभ जड होते ना! मी मोबाइल काढला, 'विल्सन धरण' शोधलं, पहिल्या चार ओळी वाचल्या आणि सांगून टाकलं, "अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते वुड्रो विल्सन. त्यांच्या नावाने हे धरण आहे."

झालं! 'आमची सहल' या निबंधात एकवीस मुलांनी ते वाक्य लिहिलं आणि मी त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण केली. एका मुलाने घरी आजोबांना निबंध वाचून दाखवला. त्यांची जमीन प्रवरेच्या कालव्यावर. दुसऱ्या दिवशी मुलगा वर्गात उभा राहिला. "मॅडम, आजोबा म्हणतात, तेव्हा इथं राज्य इंग्रजांचं होतं. मग अमेरिकेच्या माणसाचं नाव इथल्या धरणाला कोण कशाला देईल?"

प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. त्या रात्री मी नीट शोधायला बसले.

दोन धरणं, दोन विल्सन

जगात विल्सन नावाची दोन मोठी धरणं जवळपास एकाच काळात बांधली गेली.

पहिलं अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, टेनेसी नदीवर. त्याचं काम १९१८ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना सुरू झालं. दारूगोळ्यासाठी नायट्रेट लागत होतं, त्या कारखान्यांना वीज हवी होती, म्हणून हे धरण. ते १९२४ मध्ये पूर्ण झालं. हे नाव राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचं. ते १९१३ ते १९२१ या काळात अध्यक्ष होते आणि राष्ट्रसंघाच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता.

दुसरं आपलं भंडारदरा. काम १९१० ला सुरू झालं, १९२६ ला पूर्ण झालं. साठा साधारण ११ टीएमसी. ते बांधलं शेतीच्या पाण्यासाठी. त्याच पाण्यावर खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडची शेती उभी राहिली, ऊस आला. हे नाव सर लेस्ली विल्सन यांचं. ते १९२३ ते १९२८ मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. धरण पूर्ण झालं तेव्हा गव्हर्नर तेच, म्हणून नाव त्यांचं. पुढे ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे गव्हर्नर झाले.

म्हणजे नाव एक आणि बांधकाम पूर्ण होण्यात अंतर फक्त दोन वर्षांचं. पण माणसं वेगळी, देश वेगळे आणि धरण बांधायची कारणंही वेगळी. मी आडनाव बघितलं आणि तिथेच थांबले. आजोबांनी आडनाव सोडून काळ बघितला, राज्य कोणाचं ते बघितलं, आणि त्यांना चूक सापडली. त्यांनी मोबाइलला हातही लावला नव्हता.

इतके विल्सन आले कुठून?

दुसऱ्या दिवशी मी आधी मुलांची माफी मागितली आणि मग हजेरीपट उघडला. आमच्या वर्गात चार पवार आहेत. विचारलं, "हे चौघे एकाच घरातले का?" मुलं हसायला लागली. दोघे चुलत भाऊ आहेत, बाकीच्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. "मग सगळे विल्सन तरी एका घरातले कसे असतील?"

विल्सन म्हणजे 'विल'चा 'सन', विलचा मुलगा. विल हे विल्यमचं लाडाचं रूप. विल्यम हे नाव इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये इतकं चालायचं की गावोगावी एखादा विल असायचाच. त्याच्या मुलाला लोक विल्सन म्हणायचे. पुढे आडनावं पक्की झाली आणि नातवंडं-पतवंडंही विल्सनच राहिली. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे लावतात, ते पिढीगणिक बदलतं. त्यांच्याकडे कुठल्या तरी एका पूर्वजाचं नाव कायमचं चिकटलं.

आपल्या पाटील-कुलकर्ण्यांचंही असंच नाही का? जितकी गावं तितके पाटील. जोशी म्हटलं तर डॉक्टर आनंदीबाई, गायक पंडित भीमसेन की तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री? आपल्याला लगेच विचारावंसं वाटतं, "कोणते जोशी?" इंग्रजी आडनाव आलं की मात्र हा प्रश्न आपल्याला सुचत नाही. ते नाव परकं, म्हणून एकच असणार असं आपण धरून चालतो.

मुंबईतही विल्सन, आकाशातही विल्सन

शोधता शोधता आणखी विल्सन सापडत गेले.

मुंबईत गिरगाव चौपाटीसमोर विल्सन कॉलेज आहे. भंडारदऱ्याच्या गव्हर्नरसाहेबांशी त्याचा संबंध नाही. ते नाव स्कॉटलंडहून आलेले मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांचं. ते १८२९ मध्ये मुंबईत आले, मराठी शिकले आणि १८३२ मध्ये त्यांनी शाळा काढली. तीच पुढे कॉलेज झाली. त्यांच्या पत्नी मार्गारेट विल्सन यांनी मुंबईत मुलींसाठी शाळा चालवल्या. आपल्यासारख्या शिक्षकांनी त्यांचं नाव तरी ठाऊक करून घ्यावं. पण नवऱ्याचं आणि बायकोचं आडनाव एकच, त्यामुळे 'विल्सन' म्हटलं की आठवतात फक्त जॉन.

त्याच काळात आणखी एक विल्सन होते, होरेस हेमन विल्सन. हे कलकत्त्याला ईस्ट इंडिया कंपनीत डॉक्टर म्हणून आलेले. १८१९ मध्ये त्यांचा संस्कृत-इंग्रजी शब्दकोश निघाला. १८३२ मध्ये ऑक्सफर्डला संस्कृतचे प्राध्यापक म्हणून त्यांची निवड झाली. आता बघा, दोघे विल्सन, दोघेही भारतात आलेले, दोघेही विद्वान, आणि १८३२ हे साल दोघांच्याही चरित्रात. घाईत वाचणारा गोंधळणार नाही तर काय?

मुलांना सगळ्यात आवडले ते विज्ञानातले विल्सन. स्कॉटलंडचे चार्ल्स विल्सन बेन नेव्हिस डोंगरावर ढग बघत बसले. तसाच ढग प्रयोगशाळेत करायचा त्यांनी ध्यास घेतला आणि त्यातून मेघकोष्ठ हे उपकरण तयार झालं. डोळ्यांना न दिसणारे कण ज्या वाटेने जातात ती वाट त्यात बारीक थेंबांच्या रेषेसारखी दिसते. त्यासाठी १९२७ चं नोबेल.

कॅलिफोर्नियात माउंट विल्सन नावाचा डोंगर आहे. तिथल्या १०० इंची दुर्बिणीतून एडविन हबल यांनी आपल्या आकाशगंगेच्या बाहेरही दीर्घिका आहेत हे दाखवून दिलं. हे नाव मात्र कोणा शास्त्रज्ञाचं नाही. ते तिथल्या बेंजामिन विल्सन नावाच्या जमीनदाराचं. आणि विश्वाच्या जन्मकाळापासून उरलेली मंद ऊब १९६४ मध्ये ज्या दोघांना सापडली त्यातले एक रॉबर्ट विल्सन. त्यांना १९७८ चं नोबेल मिळालं. डोंगर वेगळ्या विल्सनचा, शास्त्रज्ञ वेगळे विल्सन, शोध मात्र एकाच विश्वाचा!

आणि बेझवाडा विल्सन? हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद व्हावी म्हणून आयुष्यभर लढणारे, कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणींच्या गावचे हे भारतीय कार्यकर्ते. २०१६ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. इथे तर विल्सन हे आडनावच नाही, ते त्यांचं स्वतःचं नाव आहे.

माझं म्हणणं

काही सहकारी म्हणतील, "एवढं खोलात कशाला? परीक्षेत एका ओळीचंच उत्तर लागतं." खरं आहे, सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत जोड्याच असतात. धरण आणि नदी, शोध आणि शास्त्रज्ञ, आणि शास्त्रज्ञाचंही बहुतेक वेळा नुसतं आडनाव. मुलं ते घडाघडा म्हणतात, आपण शाबासकी देतो. पण मेघकोष्ठ कोणी केलं याचं उत्तर 'विल्सन' असं देणाऱ्या मुलाला ते धरणवाले विल्सन नव्हेत हे कळत नसेल, तर त्याला काय आलं? फक्त एक शब्द.

आणि यात एक दुसरी गोष्टही आहे. भंडारदऱ्याचं काम सोळा वर्षं चाललं. लेस्ली विल्सन गव्हर्नर म्हणून आले तेव्हा त्यातली तेरा वर्षं होऊन गेली होती. दगड घडवणारे, चुना वाहणारे, ज्यांची शेतं पाण्याखाली गेली ते, यांच्यापैकी कोणाचं नाव मुलांना माहीत आहे? नाव कोणाचं लागलं हे विचारलं की नाव कोणाचं लागलं नाही हेही आपोआप विचारलं जातं. तो प्रश्न चौथीच्या मुलाला पडू शकतो. माझ्या वर्गात पडला. त्या मुलाने लिहिलं, "धरण विल्सनने बांधले नाही, त्यांचे फक्त नाव आहे." या वाक्यावरची बरोबरची खूण मात्र मी खात्रीने केली.

वर्गात करून बघा

आता आमच्या वर्गात कुठलंही नाव आलं की फळ्यावर चार शब्द लिहितो: पूर्ण नाव, गाव, काळ, काम. चारही भरल्याशिवाय ते नाव वहीत जात नाही. एखादी जागा रिकामी राहिली तर राहू देतो, पण अंदाजाने भरत नाही. माझ्यासाठी हाच नियम सगळ्यात अवघड होता.

दुसरा उपक्रम गावातला. गावातल्या एखाद्या रस्त्याला, चौकाला, विहिरीला आडनाव असेल तर मुलांनी घरी विचारून यायचं, हे कोणते शिंदे, कोणते देशमुख? मोबाइलवर बघायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात एका विहिरीच्या नावाची तीन वेगवेगळी उत्तरं आली. अजून निकाल लागलेला नाही. तो लागेपर्यंत वहीत ती तिन्ही उत्तरं लिहून ठेवली आहेत.

तुमच्या शाळेजवळ असं एखादं नाव असेल तर जरूर कळवा. मात्र कोणाचं आहे ते आधी पूर्ण शोधा, मगच कळवा!