वेदनाशमनाचा हक्क आणि घरातील दक्षता

लखनौला लागून असलेल्या बाराबंकी जिल्ह्यात सरकारी परवान्याने अफूचे पीक घेतले जाते. त्याच राज्यात गाझीपूर येथे १८२० सालापासून अफूचा कारखाना उभा आहे. ईस्ट इंडिया कंपनीने इथली अफू चीनच्या गळी उतरवून अमाप नफा कमावला आणि १८५८ मध्ये मार्क्सने ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’मधून या व्यापाराचे वाभाडे काढले. आज याच पिकापासून मॉर्फिन मिळते. तरीही पूर्व उत्तर प्रदेशातून लखनौ गाठणाऱ्या कर्करोगग्रस्त शेतमजुराला वेदनांपासून सुटका सहजी लाभत नाही. ही विसंगती नैसर्गिक नाही, ती व्यवस्थेने निर्माण केलेली आहे.

१९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याने नशेच्या व्यापाराबरोबर औषधी मॉर्फिनलाही परवान्यांच्या जाळ्यात अडकवले. २०१४ च्या दुरुस्तीने अत्यावश्यक वेदनाशामकांची वाट मोकळी करण्याचा प्रयत्न केला. केरळने १९९३ पासून कोझिकोड येथे लोकसहभागातून उभ्या राहिलेल्या कार्याच्या आधारे २००८ मध्ये वेदनाशमनाचे राज्य धोरणच स्वीकारले. अन्यत्र मात्र ही सेवा अद्याप बहुतांशी मोठ्या शहरांपुरतीच आहे. रुग्ण फेंटानिलची पट्टी घेऊन गावी परततो आणि पुढची सारी जबाबदारी त्याच्या पत्नीवर वा मुलावर पडते. म्हणूनच या पट्टीचे शास्त्र घरोघर समजले पाहिजे.

फेंटानिल हे प्रयोगशाळेत बनणारे, मॉर्फिनच्याच जातीचे परंतु त्याहून ५० ते १०० पट प्रभावी औषध आहे. ज्याने पूर्वी अशी औषधे नियमित घेतलेली नाहीत, त्याला ही पट्टी प्राणघातक ठरू शकते. शेजाऱ्याची कळ पाहून दयेपोटी आपली पट्टी त्याला देणे म्हणूनच दया नव्हे. पट्टी साधारणतः ७२ तासांनी बदलावयाची असते. जुनी काढल्यावाचून नवी लावू नये, नवी निराळ्या जागी लावावी आणि लावल्याची तारीख-वेळ लिहून ठेवावी. पहिल्या पट्टीचा पूर्ण परिणाम दिसण्यास १२ ते २४ तास लागतात. तेवढ्यात धीर सोडून दुसरी लावणे घातक होय. पट्टी कापू नये. मद्य वा झोपेच्या गोळ्या यांच्याशी तिची सांगड घालू नये.

अवधच्या उन्हाळ्याचा येथे विशेष विचार केला पाहिजे. उष्णतेने त्वचेतून औषध अधिक वेगाने रक्तात उतरते. भर उन्हातली खाट, गरम पाण्याची पिशवी, शेक वा तीव्र ताप यांमुळे नेहमीचीच मात्रा अतिमात्रा ठरू शकते. रुग्ण जागा होत नसेल, श्वास मंदावला असेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर पट्टी तत्काळ काढून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पट्टी काढल्यावरही अंगातले औषध कित्येक तास काम करीत राहते, याचा विसर पडू नये.

वापरलेल्या पट्टीतही औषध शिल्लक असते. ती उकिरड्यावर पडली तर कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्याच्या मुलाच्या जिवावर बेतते. चिकट बाजू आत घेऊन तिची घडी घालावी व रुग्णालयात परत करावी. तशी सोय नसल्यास शौचकूपातून वाहून टाकावी. नव्या पट्ट्या कुलपात ठेवाव्यात.

अमेरिकेत पर्ड्यू कंपनीने नफ्यासाठी अशाच जातीच्या वेदनाशामकाचा खोटा प्रचार केला आणि २००७ व २०२० मध्ये न्यायालयात गुन्ह्याची कबुली दिली. तिकडे नफेखोरीने औषधाचा पूर आणला, इकडे नोकरशाहीने दुष्काळ पाडला. दोन्हीकडे बळी गेला तो सामान्य माणसाचाच. ‘औषधच नको’ हा त्यावरचा उपाय नव्हे.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात स्वस्त मॉर्फिनच्या गोळ्या, नॅलॉक्सोन हा उतारा व प्रशिक्षित परिचारिका असलीच पाहिजे. पट्टीबरोबर रुग्णाच्या भाषेतील सूचनापत्र सक्तीचे झाले पाहिजे आणि वापरलेल्या पट्ट्या परत घेण्याची व्यवस्था उभी राहिली पाहिजे. या मागण्यांसाठी कामगार संघटनांनी व महिला आघाड्यांनी आवाज उठवावा. तोवर ही माहिती वस्तीवस्तीत पोहोचविणे हे प्रत्येक पक्षशाखेचे कर्तव्य आहे. वेदनेविना अखेरचे दिवस कंठणे हा धनिकांचा विशेषाधिकार नव्हे. ज्याने आयुष्यभर घाम गाळला त्याचा तो हक्क आहे!