काचेच्या पेटीतील तांबडे पाते

लहान मुलाच्या हाती एखादा सजीव सोपवणे ही दिसते तितकी साधी गोष्ट नव्हे. मुलाने त्याची हेळसांड केली तर आपण त्याला दोष देतो; परंतु चूक वडीलधाऱ्यांच्या हातून घडली, तर ती कोणी कोणापाशी कबूल करावी? आमच्या हैदराबादच्या घरी गतवर्षी अशीच एक चूक घडली, आणि ती माझ्याच हातून घडली. म्हणून आजचा हा मजकूर.

पावसाळ्याच्या प्रारंभी नातीच्या वाढदिवसाप्रीत्यर्थ घरी दोन फूट लांबीची काचेची पेटी आणली. तीत वाळू, सहा गप्पी मासे, आणि मध्यभागी एक देखणे रोप. पाने लांबट, टोकाशी निमुळती, तांबूस रंगाची व त्यांवर गडद ठिपके. ‘ओझेलॉट सोर्ड’ हे त्याचे बाजारातील नाव. सोर्ड म्हणजे तलवार हे कळताच नातीने त्याला ‘तलवार’च म्हणावयास आरंभ केला. पान आणि पाते हे आपल्या भाषेतले शब्द इतके जवळचे आहेत, की ते नाव मलाही फार शोभून दिसले.

दहाव्या दिवशी पाने निस्तेज होऊन काचेसारखी आरपार दिसू लागली. पंधराव्या दिवशी ती लोंबून कुजली. पाणी नासेल व मासे दगावतील या भयाने मी एके सकाळी ते रोप मुळासकट उपटले आणि गच्चीवरील केराच्या टोपलीत टाकून दिले. दुपारी नात शाळेतून आली, पेटीत रोप दिसेना म्हणून ते शोधीत गच्चीवर गेली आणि सुकलेले रोप हातात धरून खाली आली. “आजोबा, पाहा ना, मुळे पांढरी आहेत. तुम्ही ते जिवंतच टाकलेत.” मी ते घाईघाईने पाण्यात ठेवले; पण गच्चीवरच्या उन्हाने आपले काम केले होते. माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते मी नंतर शोधले.

या कुळाचे शास्त्रीय नाव एकिनोडोरस. त्याचे माहेर अमेरिका खंडात, विशेषतः दक्षिण अमेरिकेच्या नद्यांकाठी व दलदलीत आहे. तेथे पाणी ओसरले की ही झाडे हवेत वाढतात व पाणी चढले की पाण्याखाली. ठिपक्यांचा ओझेलॉट हा मात्र रानातला नव्हे. जर्मनीतील देसाऊ येथील हान्स बार्थ या जाणकाराने संकर करून तो सिद्ध केला. त्याचे नाव ओसेलॉट या ठिपकेदार रानमांजरावरून पडले आहे.

आता मर्माची गोष्ट अशी, की रोपवाटिकांत ही रोपे बहुधा हवेत, दमट जागी वाढवतात. तेथील पान ताठ, जाडसर व हवेतून श्वास घेणारे असते. तेच पान पाण्यात बुडवले की त्याचा निभाव लागत नाही. झाड मग ते टाकून देते आणि पाण्यात जगू शकेल असे नवे, पातळ व मऊ पान घडवू लागते. या बदलास दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे ज्याला मी मरण समजलो, ते त्या झाडाचे बिऱ्हाड बदलणे होते. अशा वेळी पानांकडे न पाहता मुळांकडे व गड्ड्याकडे पाहावे. मुळे पांढरी व गड्डा टणक असेल तर झाड जिवंत आहे; मुळे काळपट, बुळबुळीत व घाणेरड्या वासाची असतील तर मात्र आशा नाही. कुजलेली पाने तेवढी बुडाशी कात्रीने कापून काढावीत.

महिनाभराने आम्ही दुसरे रोप आणले आणि या वेळी आधी पाण्याचा विचार केला. आमच्या शहराच्या नळांना कृष्णा, गोदावरी व मांजरा या नद्यांचेही पाणी येते. एकीचा उगम महाबळेश्वरी, दुसरीचा त्र्यंबकेश्वरी, तिसरीचा बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरांत. येथील मराठी माणसाला ही नाती ठाऊक असली तर नळाच्या पाण्याकडेही तो ममतेने पाहील! परंतु त्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असतो. मत्स्यविक्रेत्यांकडे ‘हायपो’चे खडे मिळतात, त्यांनी तो निवारता येतो. कूपनलिकेचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. ज्यांच्या घरी आर. ओ. यंत्र आहे त्यांनी त्यातील थोडे शुद्ध पाणी त्यात मिसळावे.

पेटीत शोभेसाठी दगड ठेवताना येथे एक सावधगिरी हवी. आपल्या घरांतून पायाखाली असणारी शहाबादी किंवा तांदूरची फरशी ही चुनखडीची असते. तिचे तुकडे पाण्यात ठेवले तर चुना हळूहळू विरघळून पाणी अधिकाधिक जड होते. गोवळकोंड्याच्या परिसरात जागोजागी दिसणारा ग्रॅनाइट मात्र पाण्याला बाधत नाही. संशय आल्यास दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत; फेस आला तर तो दगड पेटीबाहेरच बरा.

या झाडाचा आहार मुख्यतः मुळांवाटे होतो, म्हणून वाळूचा थर तीन इंचांहून कमी नसावा. मुळे वाळूत व गड्ड्याचा माथा वाळूबाहेर, अशा बेताने लावावे. माथा गाडला गेला तर तो कुजतो. निव्वळ धुतलेल्या वाळूत मात्र झाडाला खावयास काही नसते. जड पाण्यात लोह लवकरच न विरघळणाऱ्या रूपात जाते व झाडाला ते घेता येत नाही. वाळूच्या तळाशी, जेथे प्राणवायू अल्प असतो, तेथे ते मुळांना मिळते. तेलंगणच्या तांबड्या मातीचा रंग लोहाचाच आहे. अशी माती स्वच्छ जागेहून आणून, चाळून, तिच्या सुपारीएवढ्या गोळ्या करून वाळवाव्यात व मुळांजवळ खोल दाबून ठेवाव्यात. शेणखत किंवा बागेचे रासायनिक खत कदापि घालू नये. त्यातून निघणारा अमोनिया माशांचा घात करतो. कोवळे पान पिवळट व शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या तर लोह कमी पडते असे समजावे.

तांबडा रंग अँथोसायनिन या द्रव्याचा असतो. दिवसातून आठ तास चांगला प्रकाश मिळाला की तो खुलतो. त्याहून अधिक वेळ दिवा ठेवल्यास झाडापेक्षा शेवाळच अधिक फोफावते. आणखी एक ध्यानात ठेवावे: तांबडेपणा हा कोवळ्या पानांचा असतो. पान जुने झाले की ते हिरवट होणारच. मध्यभागी तीन-चार तांबडी पाने व भोवती हिरव्यांचा घेर, हेच निरोगी झाडाचे रूप. सगळे झाड तांबडे व्हावे हा हट्ट धरू नये.

आमच्याकडील खरी कसोटी वैशाख-ज्येष्ठात लागते. हवेचा पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि या झाडाला बावीस ते अठ्ठावीस अंशांचे पाणी मानवते. त्या दिवसांत पेटीचे झाकण काढून, वर जाळी ताणून, पाण्याच्या पृष्ठभागावरून लहानसा पंखा फिरवावा. बाष्पीभवनाने पाणी काही अंश निवते. परंतु उडून जाते ते केवळ पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून केवळ भर न घालता दर आठवड्यास चौथाई पाणी बदलावे.

शेवटी एक विनंती. झाड वाढले की छाटणी निघते, कधी नवी रोपेही होतात. ती कोणी तलावात वा मुसी नदीत सोडू नयेत. आपल्या तलावांवर हिरवी साय धरणारी जलपर्णी हीदेखील दक्षिण अमेरिकेचीच पाहुणी, आणि तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने माणसांनीच ती देशोदेशी नेली. जादा रोप मित्राला द्यावे. छाटणी वाळवून कुंडीत घालावी.

दुसऱ्या रोपाचीही पाने कुजली, अगदी पहिल्यासारखीच. एकविसाव्या दिवशी तर एकच अर्धे पान उरले होते. माझा हात पुन्हा शिवशिवला, हे मी लपवीत नाही. नातीने पेटीवर कागद चिकटवला होता: “आजोबांनी हात लावू नये.” चौथ्या आठवड्यात गड्ड्याच्या मधोमध सुईएवढा तांबडा कोंब दिसला. आज त्या झाडाला अकरा पाने आहेत. कागद अजून तेथेच आहे. तो काढण्याचा अधिकार माझा नाही.