बाबूराव परतला; ‘फुले’तले शब्द परतले नाहीत

बोईसर स्टेशनबाहेर पहिल्या पाळीला निघालेला कामगार चहाच्या टपरीवर पेपर हाती घेतो तेव्हा अग्रलेख वाचत नाही. तो आधी सिनेमाचे पान उघडतो. यात त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. आठ तास रसायनाच्या वासात उभे राहायचे, त्याआधी दोन मिनिटे हसायला मिळाले तर कोणाचे काय बिघडते? प्रश्न त्या वाचणाऱ्याचा नाही. त्या पानावर काय छापायचे आणि काय गाळायचे हे ठरवणाऱ्यांचा आहे.

मे २०२५ मध्ये त्या पानांना एकच चिंता लागली होती. ‘हेराफेरी ३’मध्ये बाबूराव असणार की नाही? परेश रावल यांनी चित्रपट सोडला आणि जणू राज्यावर संकट कोसळले. आधी बातमी आली, सर्जनशील मतभेदामुळे सोडला. रावल यांनी १८ मे रोजी स्वतः जाहीर केले की असे मतभेद नव्हते, दिग्दर्शक प्रियदर्शन यांच्याबद्दल आपल्याला आदरच आहे. तरीही ‘मतभेद’ हा शब्द पुढे कित्येक दिवस बातम्यांतून हलला नाही. मग अक्षय कुमार यांच्या निर्मिती संस्थेकडून २५ कोटींच्या भरपाईची नोटीस गेली. लगेच ‘सूत्रां’ना वाचा फुटली. रावल यांनी घेतलेली ११ लाखांची रक्कम १५ टक्के व्याजासह परत केली, हे छापून आले. कथा, पटकथा आणि सविस्तर कराराचा मसुदा हाती आलाच नव्हता, असे त्यांच्या वकिलांनी सांगितले, तेही आले. पण पहिल्या दिवशीचा मथळा नोटिशीला होता आणि उत्तर मागाहून, खाली.

‘हाऊसफुल ५’च्या ट्रेलरच्या कार्यक्रमात तर एका पत्रकाराने रावल यांच्या निर्णयाला मूर्खपणा ठरवूनच अक्षय कुमारना प्रश्न विचारला. तो शब्द योग्य नाही, असे अक्षय कुमारनाच सांगावे लागले. ज्याची नोटीस गेली तो सभ्यतेने बोलतो आणि बातमीदार त्याच्याही पुढे धावतो! जून संपता संपता रावल यांनीच परत येत असल्याचे सांगितले. सगळे गोड झाले. मग त्या नोटिशीचे काय, कराराचा मसुदा मिळाला की नाही, हे विचारायला कोणी थांबले नाही.

तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या भांडणात माध्यमांनी पैसा मोजला, व्याज मोजले, कागद झाला होता की नव्हता हे विचारले, दोन्हीकडच्या वकिलांचे ऐकले. एवढी विचारपूस करता येते, हे त्यांनी स्वतःच सिद्ध केले. तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली वर्षानुवर्षे कागदाशिवाय राबणाऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र हे कसब कुठे जाते कोण जाणे.

आता एक महिना मागे जाऊ. पाने तीच होती. ११ एप्रिल २०२५, महात्मा जोतीराव फुले यांची जयंती. त्याच दिवशी अनंत महादेवन यांचा ‘फुले’ हा चित्रपट यायचा होता. प्रतीक गांधी जोतीरावांच्या, पत्रलेखा सावित्रीमाईंच्या भूमिकेत. ट्रेलर पाहून काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला. सेन्सॉर मंडळाने बदल सुचवले. ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढा. तीन हजार वर्षांची गुलामी म्हणू नका, ‘कित्येक’ वर्षांची म्हणा. प्रदर्शन दोन आठवडे लांबले, चित्रपट २५ एप्रिलला आला.

या बातमीला बहुतेक ठिकाणी नाव मिळाले ‘वाद’. चित्रपट ‘वादाच्या भोवऱ्यात’, समाजाच्या ‘भावना दुखावल्या’. अपवाद होते, ते नाकारत नाही. पण ज्या पत्रकारितेने पुढे बाबूरावच्या ११ लाखांचे व्याज काढले, तिने इथे साधा प्रश्न का विचारला नाही? आक्षेप घेणाऱ्यांनी अख्खा चित्रपट पाहिला होता का? दुखावणारे दृश्य नेमके कोणते, आणि ते खोटे आहे का? सावित्रीमाईंच्या अंगावर शेण फेकले गेले हे महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. १८४८ साली मुलींची शाळा ज्या वाड्यात भरली तो भिड्यांचा होता हेही ठाऊक आहे, आणि जोतीरावांना साथ देणारे ब्राह्मण चित्रपटात आहेत, असे दिग्दर्शक सांगत होता. तिकडे करार तपासला गेला. इकडे इतिहासाचा कागद उपलब्ध असून कोणी उघडला नाही. भावना हाच पुरावा ठरला.

आणि आता बाबूरावकडेच पाहा. त्याचे पूर्ण नाव बाबूराव गणपतराव आपटे. हे आडनाव कोणाचे, हे महाराष्ट्रात समजावून सांगावे लागत नाही. जाड भिंगाचा चष्मा, धोतर, वर बनियन, सतत गोंधळलेला हा घरमालक २००० सालापासून देशाला हसवतो आहे. २००६ च्या दुसऱ्या भागातही हसवले. आम्हीही पोट धरून हसलो. त्या आडनावावर कात्री चालली नाही, आणि चालू नयेच. मग आपटे हे आडनाव थट्टेच्या चित्रपटात चालते आणि महार, मांग हे शब्द खऱ्या इतिहासाच्या चित्रपटात का चालत नाहीत? ज्यांच्यावर ते शब्द लादले गेले, त्यांनी तर तक्रार केली नव्हती. ही तुलना सिनेमाच्या पानावर कोणी मांडली नाही. मांडण्यासाठी त्या टेबलावर आपला माणूस बसलेला असावा लागतो.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात ‘केसरी’ने छापली नव्हती. तेव्हा निदान नकार तोंडावर मिळत होता. आज जाहिरात कोणाचीही छापतात. नकार बातमीच्या शब्दांत दडवलेला असतो. म्हणून ‘वाद’ हा शब्द दिसला की थांबून पाहावे, कोणी कोणावर हल्ला केला आणि त्याला वाद कोण म्हणते आहे.

आमच्या वस्तीतली पाच-सहा पोरे ‘फुले’ पाहायला लोकलने विरारपर्यंत गेली. परतल्यावर त्यांतला एक, जो मोबाईलवर बाबूरावचे संवाद ऐकून दिवस काढतो, मला विचारत होता, “काका, शब्द काढले ते कुठले?” मी सांगितले. तो हसला नाही.

त्याच वर्षी २१ ऑगस्टला तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात वायुगळती होऊन चार कामगार दगावले. दुसऱ्या दिवशी टपरीवर त्याच पोराने पेपर उघडला. या वेळी सिनेमाचे पान त्याने उलटले आणि जिल्ह्याच्या पानावर बोट ठेवून वाचू लागला. चौघे कोणाच्या ठेक्यावर होते, हे त्याला हवे होते.